कोल्हापुरात जन्म, बनारसचा फळा आणि पुण्याची आयुका: जयंत नारळीकरांची गोष्ट

(कुरुंदवाडच्या वाचनालयात अकरावी-बारावी आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या आमच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागं उभी असलेली पोरं पुढं या, सतरंजी मोकळी आहे. आणि मोबाइल सायलेंटवर टाका, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये तुमची रिंगटोन अजरामर होईल.

मी कुरुंदवाडचाच. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आजचा माणूस असा आहे की त्याच्याबद्दल फक्त शास्त्रज्ञांनीच बोलावं असं मला वाटत नाही. डॉ. जयंत विष्णू नारळीकर. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. म्हणजे इथून एसटीनं दीड-दोन तासांवर. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्या दिवशी आपल्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, 'कोल्हापूरचा सुपुत्र गेला.' खाली पुरस्कारांची यादी.

ती यादी आधी उरकून घेऊ, कारण ती खरोखरच मोठी आहे. १९६५ मध्ये पद्मभूषण, तेव्हा वय किती? फक्त २६! १९७८ मध्ये भटनागर पुरस्कार. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार. २००४ मध्ये पद्मविभूषण. २०१० चा महाराष्ट्र भूषण. २०१४ मध्ये साहित्य अकादमी, तोही मराठी आत्मचरित्रासाठी. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणि गेल्यानंतर, २०२५ चा विज्ञान रत्न.

झाली यादी. पण यादी पाठ करून आपल्याला काय मिळणार? मला तीन प्रश्न पडतात. एक, असा माणूस घडतो कसा? दोन, परत का येतो? आणि तिसरा जरा अवघड आहे. हा माणूस आयुष्यभर ज्या सिद्धांताच्या बाजूनं उभा राहिला, तो जगातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानला नाही. मग आपण त्याला मोठा का म्हणायचं?

फळ्यावरचं गणित

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'चार नगरांतले माझे विश्व'. ही चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर त्यात नाही! आपल्याला थोडं टोचतं, पण खरं ते खरं. जन्म कोल्हापूरचा, घराणं कोल्हापूरचं, पण घडण झाली बनारसला.

वडील विष्णू वासुदेव नारळीकर, तेही मूळचे कोल्हापूरचेच, केंब्रिजचे रँग्लर. तिथून परतल्यावर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात एक मामा शिकायला येऊन राहिले होते, मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा. घरात भिंतीवर फळा होता. मोरूमामा काय करायचे, तर त्या फळ्यावर एक गणित लिहून ठेवायचे आणि वर मथळा द्यायचे, 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन'. जेव्हीएन म्हणजे छोटा जयंत. ते गणित सुटेपर्यंत, नाहीतर 'हरलो बुवा' असं म्हणेपर्यंत पुसायचं नाही. शाळेच्या अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही, मार्क नाहीत, क्लास नाही, फी नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'दादा, त्यांचे वडील रँग्लर, आमचे वडील उसाच्या फडात.' बरोबर आहे, हा फरक मी नाकारत नाही. घरातली पुस्तकं, घरातली भाषा, ह्याचा फायदा होतोच. पण त्या सगळ्यातली एक गोष्ट बघा. फळा आणि खडू. ह्याला किती पैसे लागतात? आणि एक मोठं माणूस लागतं, ज्याला पोराला अवघड प्रश्न घालण्यात मजा वाटते. अशी माणसं कुरुंदवाडात नाहीत असं मला कुणी सांगू नये.

१९५७ मध्ये बनारसहून बी.एस्सी. झाल्यावर टाटा स्कॉलरशिपवर ते केंब्रिजला गेले. १९५९ मध्ये ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रासाठी टायसन मेडल. मग पीएच.डी.साठी गुरू मिळाले फ्रेड हॉईल.

बावीस वर्षांचा पोरगा आणि भरलेलं सभागृह

हॉईल हे त्या काळातलं वादळी नाव. 'बिग बँग' हा शब्दच त्यांचा, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी वापरलेला. आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला बिग बँग मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं होतं स्थिर स्थिती सिद्धांत. विश्व प्रसरण पावतंय हे मान्य. पण जागा मोकळी होईल तसतसं नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे विश्व कधीही बघा, एकंदरीत सारखंच दिसतं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही.

१९६१ मध्ये केंब्रिजचेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी नवी निरीक्षणं जाहीर केली. थेट पत्रकार परिषदेत! हॉईलना तिथं पाहुणे म्हणून बोलावून बसवलेलं. राइल यांचा दावा असा की या आकड्यांमुळे स्थिर स्थिती सिद्धांत संपला. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या.

आकडे काय होते, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा रात्री तुम्ही मोठ्या माळावर उभे आहात आणि सगळीकडे सारख्या ताकदीचे दिवे सारख्या अंतरानं लावलेत. जवळचे ठळक दिसतील, लांबचे मंद. ठळक किती आणि मंद किती, ह्याचं गणित ठरलेलं असतं. राइलनी आकाशातले रेडिओ स्रोत मोजले, तर मंद स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. आता, लांबून आलेला संदेश म्हणजे जुना संदेश, कारण तो यायला वेळ लागतो. म्हणजे पूर्वी विश्वात गर्दी जास्त होती. म्हणजे विश्व बदलतंय. म्हणजे स्थिर स्थिती गेली.

१० फेब्रुवारी १९६१ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत यावर चर्चा होती. हॉईलना नेमकं त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान. त्यांनी उत्तर द्यायला कुणाला पाठवलं? संशोधन सुरू करून काही महिनेच झालेल्या बावीस वर्षांच्या नारळीकरांना. समोर राइल यांच्यासारखा मुरलेला माणूस, भोवती इंग्लंडचे दिग्गज खगोलशास्त्रज्ञ.

उत्तराचा गाभा साधा होता. सगळीकडे दिवे सारखे पसरलेत हे कशावरून? समजा तुम्ही माळावर नाही, तर आपल्या पंचगंगेच्या पात्रात नावेत उभे आहात. अलीकडे कुरुंदवाडचे दिवे, पलीकडे वाडीचे, आणि तुमच्या जवळपास अंधार. मग तुम्हाला ठळक दिवे कमी आणि मंद दिवे जास्त दिसणारच. तेवढ्यावरून 'पूर्वी दिवे जास्त होते' असं म्हणता येईल का? आकाशगंगा मोठमोठ्या समूहांमध्ये असतील आणि मध्ये पोकळ्या असतील, तर राइल यांच्या आकड्यांचा दुसराही अर्थ निघतो.

आकाशगंगांचे असे महासमूह आणि पोकळ्या पुढच्या दशकांत निरीक्षणांत खरंच सापडल्या. पण म्हणून स्थिर स्थिती जिंकली का? नाही. तिकडे आपण येणारच आहोत.

बसचा ब्रेक आणि सगळं विश्व

१९६४ मध्ये हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत आला आणि नारळीकरांचं नाव भारतात घराघरांत पोचलं. तो समजायला जयसिंगपूरची एसटी पुरे. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की उभी माणसं पुढं फेकली जातात. का? आपण शाळेत लिहितो, 'जडत्वामुळे.' पण जडत्व येतं कुठून? न्यूटनच्या मते तो वस्तूचा अंगचा गुण. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी वेगळी शंका काढली. त्यांना वाटलं, वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे असेल. म्हणजे एसटीत तुम्ही पुढं फेकले जाता त्यात लांबच्या ताऱ्यांचा, आकाशगंगांचा हात!

कल्पना भारी, पण गणितात बसवणं अवघड. हॉईल आणि नारळीकरांनी ती समीकरणांत मांडली. त्यातून निघतं असं की दूरचं विश्व वेगळं असतं, तर इथलं गुरुत्वाकर्षणही वेगळं असतं. आणि नेहमीच्या परिस्थितीत हे गणित आइनस्टाइनच्या सिद्धांताशी जुळतं. पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळाला तो या पार्श्वभूमीवर.

परत यायचं की नाही

केंब्रिजला किंग्ज कॉलेजची फेलोशिप होती. १९६६ मध्ये हॉईलनी सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तिच्या पहिल्या फळीत नारळीकर होते. त्याच वर्षी गणितज्ञ मंगला राजवाडे यांच्याशी लग्न. सगळं व्यवस्थित होतं. आणि १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

माझ्या बॅचमधली निम्मी पोरं बाहेर आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. कर्ज असतं, घर असतं, ज्याचं त्याला कळतं. पण नारळीकर परत येऊन नुसते इथं राहिले नाहीत, त्यांनी इथं काय उभारलं ते बघा. १९८८ मध्ये यशपाल यूजीसीचे अध्यक्ष असताना पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' सुरू झाली, आणि नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत ती जबाबदारी त्यांनी सांभाळली. अजित केंभवी, नरेश दधिच यांच्यासारखे सहकारी सोबत होते. इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचलेली.

आयुकाची कल्पना मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. प्रत्येक विद्यापीठाला मोठी दुर्बीण, मोठी लायब्ररी, मोठे कॉम्प्युटर परवडणार नाहीत. मग एकच केंद्र उत्तम बनवा आणि ते देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना खुलं करा. लहान गावातल्या कॉलेजचा प्राध्यापक तिथं येतो, महिनाभर राहतो, काम करतो, परत जाऊन शिकवतो. आपल्या भाषेत, शेअर्ड इन्फ्रास्ट्रक्चर! जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या. त्या लहरी डेटाच्या गोंगाटातून शोधायच्या कशा, यावर संजीव धुरंधर आयुकात बसून अनेक वर्षं आधीपासून काम करत होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतेय. हे सगळं हवेतून आलेलं नाही.

त्याच आवारात पोरांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु.ल. देशपांडे यांच्या नावानं 'पुलस्त्य' ही इमारत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता तिथंच काम करायचे. पुण्याला गेलात तर मॉलच्या आधी तिथं जा.

नारायण विनायक जगताप कोण?

आता एक मजेशीर किस्सा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी करा, ना. वि. ज. नावाकडे बघून बक्षीस मिळायला नको म्हणून टोपणनाव. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी! पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेला माणूस, स्वतःच स्वतःला नवशिक्याच्या रांगेत उभा करतो.

मग 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तकं आली. आणि सगळं आधी मराठीत. अकरावीला सीबीएसईच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' धडा कुणी वाचलाय? बघा, दोन हात वर आले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात जिथं १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेत, कारण विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. आपल्यासारख्याला पानिपत म्हटलं की घशात आवंढा येतो. नारळीकरांनी तोच आवंढा पकडून क्वांटम भौतिकी समजावली.

पत्रिका, नाणं आणि टेस्ट डेटा

आता जरा जवळचा विषय. माझ्या चुलत बहिणीचं ठरत आलेलं स्थळ 'मंगळ कडक आहे' म्हणून मोडलं. मुलगा चांगला, घर चांगलं, दोघांची पसंती. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरात असं झालंय, हात वर करायला सांगत नाही.

नारळीकरांनी या विषयावर नुसतं भाषण दिलं नाही. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका. त्यातली १०० मुलं हुशार, १०० मतिमंद. ज्योतिषांनी पत्रिका बघून फक्त सांगायचं, कोण कोणत्या गटातलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाकडे ४० पत्रिका. माझ्या धंद्यात याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. लेबलं दोनच, त्यामुळे नुसतं नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. ज्योतिषांची सरासरी किती आली? ४६ टक्के. सर्वांत चांगल्या ज्योतिषाचे ४० पैकी २४. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांचे १०२ बरोबर.

माझं कुणी ॲप ४६ टक्के अचूक निघालं, तर मॅनेजर ते दुसऱ्या दिवशी बंद करेल. आपण मात्र त्यावर पोरींची लग्नं मोडतो. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. म्हणजे असे प्रश्न विचारायला या देशात काय किंमत पडू शकते, हेही लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न

आता त्या अवघड प्रश्नाकडे. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोघांनी टिपलेलं पार्श्वप्रारण जाहीर झालं. आकाशात सगळीकडून येणारा, सुमारे २.७ केल्विन तापमानाचा मंद सूक्ष्मलहरींचा प्रकाश. बिग बँगच्या बाजूनं हा सर्वांत मोठा पुरावा ठरला आणि बहुतेक शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला, त्यात त्या प्रारणाचं वेगळं स्पष्टीकरण दिलं. बहुसंख्यांना तो पटला नाही. आजही आपण पाठ्यपुस्तकात शिकतो तो बिग बँगच.

मग हा हट्ट होता का? माझं मत सांगतो. व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो, 'नारळीकर म्हणाले बिग बँग खोटा, म्हणजे विज्ञान खोटं.' असा फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्याला विचारा, त्यांनी विरोध कसा केला? गणित मांडून, शोधनिबंधात छापून, विरोधकांसमोर उभं राहून. 'माझा सिद्धांत खरा असेल तर आकाशात हे दिसायला पाहिजे' असं लिहून देऊन. म्हणजे स्वतःला खोटं पाडायची सोय स्वतःच करून ठेवली. आणि आयुकाचे संचालक असताना त्यांनी संस्थेवर आपलं मत लादलं नाही. तिथले बरेचसे संशोधक बिग बँग धरूनच काम करत होते, त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच कारकिर्दीत. मला तर हे पद्मविभूषणापेक्षा मोठं वाटतं. तुमच्या ऑफिसात बॉसच्या उलट मत मांडून नोकरीत टिकलेला माणूस दाखवा बरं!

बहुमताच्या विरोधात असणं म्हणजे आपोआप बरोबर असणं नव्हे. आणि बहुमत आहे म्हणून प्रश्न बंद होत नाहीत. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात, म्हणून मी त्यांना मोठं म्हणतो.

पोस्टकार्ड

शेवटचं. शाळेतली मुलं सही मागायला गराडा घालायची, तेव्हा नारळीकर म्हणायचे, सही देत नाही, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करतो. आणि ते खरंच उत्तरं पाठवायचे. सही पाहिजे असेल तर आधी प्रश्न तयार करा!

तर आजपासून आपण इथं एक गोष्ट सुरू करतोय. वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर एक फळा लावलाय, बघितला असेल. ग्रंथपाल काकांनी परवानगी दिली, त्यांचे आभार. दर पंधरा दिवसांनी त्यावर एक प्रश्न येईल. नियम मोरूमामांचाच. सुटेपर्यंत किंवा सगळ्यांनी 'हरलो' म्हणेपर्यंत पुसायचा नाही.

पहिला प्रश्न लिहून घ्या, ऐकणाऱ्यांनीही. त्या संस्थेनं २०० पैकी १०२ पत्रिका बरोबर ओळखल्या. समजा कुणी नुसतं नाणं २०० वेळा उडवलं, तर १०२ किंवा त्याहून जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता किती? बारावीचं गणित पुरेल. कोड लिहून काढलात तरी चालेल, पण तो कसा लिहिला ते समजावून सांगावं लागेल. उत्तर मी सांगणार नाही. ज्याला येईल त्यानं इथं येऊन, खडू हातात घेऊन, सगळ्यांसमोर करून दाखवायचं.

चला, आता प्रश्न विचारा. पहिला हात कुणाचा? हां, निळा शर्ट, बोल.